एडका निवडताना लेकींचा विचार

(सार्वजनिक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय मेंढपाळांना रोजचा आहे, बाकीच्यांना कदाचित नवा वाटेल. कळपात दुसऱ्या जातीचा एडका आणायचा, त्याच्यापासून झालेल्या माद्या विकायच्या नाहीत, कळपातच वाढवायच्या आणि उद्याच्या आया म्हणून ठेवायच्या. अशा वेळी एडका कोणत्या जातीचा घ्यावा, हा आजचा प्रश्न. सगळं बोलणं मी दख्खनच्या माळरानावर ठेवणार आहे. फलटण, माण, खटाव, सांगोला, जत या पट्ट्यात पाऊस कमी, चारा बेभरवशाचा, आणि दिवाळीनंतर बरेच वाडे कोकणाकडे किंवा बागायती भागाकडे निघतात. इथल्या दख्खनी मेंढीला डोळ्यांसमोर ठेवूनच आपण बोलू.

दोन कामं, दोन वेगळे एडके

एडका आणण्यामागे दोन वेगवेगळे हेतू असू शकतात, आणि पुष्कळदा त्यांची गल्लत होते.

पहिला हेतू म्हणजे विकायची कोकरं. नर असो, मादी असो, तीन-चार महिन्यांत खाटकाकडे किंवा बाजारात जाणार. इथे कोकरू लवकर वाढलं, अंगाने भरलं, की काम झालं. ते पुढे कसं वितं, दूध किती देतं, दुष्काळात टिकतं का, याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही.

दुसरा हेतू म्हणजे कळपात ठेवायच्या लेकी. इथे सगळे प्रश्न उलटे होतात. ती मादी पुढची सहा-सात वर्षं तुमच्याबरोबर चालणार आहे. तिला दर वर्षी गाभण राहायचं आहे, कोकरू जगवायचं आहे, आणि मे महिन्यात वाळलेल्या कुसळावर दिवस काढायचे आहेत.

लोणंदच्या बाजारात उभा असलेला रुबाबदार, उंच एडका पाहून आपण भुलतो तो पहिल्या हेतूने, आणि घरी नेऊन वापरतो दुसऱ्यासाठी. एडक्याची किंमत त्याच्या अंगावर दिसते. त्याच्या लेकींची कास मात्र त्याच्या अंगावर दिसत नाही.

एका एडक्याचा पसारा

हा निर्णय किती मोठा आहे, ते साध्या हिशेबाने बघू. समजा तुमच्याकडे ४० मेंढ्यांचा खांडवा आहे. दर वर्षी म्हाताऱ्या, दात गेलेल्या, भाकड अशा ८ मेंढ्या विकायच्या आणि त्यांच्या जागी ८ तरुण माद्या ठेवायच्या. एकच एडका दोन हंगाम वापरला, तर १६ माद्या त्याच्या झाल्या. म्हणजे खांडव्यातल्या दर पाच मेंढ्यांमागे दोन त्याच्या लेकी. एडका नंतर विकला तरी लेकी राहतात, लेकींच्या लेकी राहतात.

आणि निकाल लगेच कळत नाही. मेंढीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा. झालेली मादी वर्ष-सव्वा वर्षाने एडक्याला लागते. मग आणखी पाच महिने. म्हणजे आज एडका सोडला, तर त्याची लेक आई म्हणून कशी आहे हे दोन वर्षांनी समजायला लागतं. तोपर्यंत तो एडका पुष्कळदा कळपात नसतो, त्याच्या लेकी मात्र अर्धा कळप व्यापून बसलेल्या असतात. म्हणून घाई परवडत नाही.

ब्रिटनची पद्धत आपल्याला का लागू पडत नाही

पुस्तकांत संकराचं उदाहरण म्हणून ब्रिटनची पद्धत नेहमी येते. तिथे डोंगरावर स्वेलडेल किंवा स्कॉटिश ब्लॅकफेस अशा काटक मेंढ्या असतात. त्यांना ब्लूफेस्ड लेस्टर जातीचा एडका देतात. त्यातून झालेल्या माद्यांना 'म्यूल' म्हणतात. या माद्या सपाटीवरच्या शेतकऱ्याला विकतात, आणि तो त्यांना टेक्सेल किंवा सफोकसारखा मांसाचा एडका देऊन सगळी कोकरं बाजारात घालतो. म्यूल मेंढी आई म्हणून उत्तम, कारण काटकपणा आईकडून आणि जुळी देण्याचा, दुधाचा गुण बापाकडून आलेला. शिवाय दोन लांबच्या जाती एकत्र आल्या की पहिल्या पिढीत संकराचा जोम दिसतो. गाभण राहणं, कोकरं जगवणं अशा गुणांत तो जास्त उपयोगी पडतो.

पण ही पद्धत चालते कारण तिथे काम वाटून घेतलेलं आहे. डोंगरावरचा शेतकरी मूळ जात राखतो, सपाटीवरचा संकरित आई विकत घेतो. आपल्याकडे तोच धनगर आई पैदा करतो, तोच कोकरं विकतो, तोच पुढची पिढी ठेवतो. पहिल्या पिढीचा जोम पुढे तसाच टिकत नाही. संकरित नर-माद्या आपसात लावल्या की त्यातला साधारण निम्मा जोम पुढच्याच पिढीत जातो, आणि कोकरं एकसारखी राहत नाहीत. म्हणून आपल्याला असा बदल हवा, जो घरच्या लेकींमधून पिढ्यान्‌पिढ्या टिकेल.

अंगाचा आकार आणि चारा

आता जाती बघू. सर्वांत आधी आपली दख्खनी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे प्रकार सांगितले जातात. बहुतेक काळी किंवा काळी-पांढरी, लोकर जाडीभरडी, घोंगडीची. मेंढीचं वजन ३० किलोच्या आसपास. चालण्यात आणि उपासमार सोसण्यात हिचा हात धरणारी जात या भागात नाही. उणीव एकच. हिला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं.

जत तालुक्यातली माडग्याळ उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली. कोकरं वाढीला चांगली, बाजारात किंमतही जोरात. कर्नाटकातली बन्नूर, म्हणजेच मंड्या, ही ठेंगणी पण अंगाने भरलेली, मांसाच्या ठेवणीसाठी ओळखली जाते. आंध्रकडची नेल्लोर खूप उंच.

उंच जातीचा एडका आणला की लेकीही मोठ्या होतात. चांगलंच की, असं वाटेल. पण मेंढी दिवसाला तिच्या वजनाच्या साधारण साडेतीन टक्के सुका चारा खाते. ३० किलोच्या मेंढीला एक किलोच्या थोडा वर, ४० किलोच्या मेंढीला सुमारे १ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे ज्या रानावर लहान अंगाच्या १०० मेंढ्या निघतात, तिथे मोठ्या अंगाच्या ७५ निघतील. प्रत्येकीला जर एकच कोकरू होणार असेल, तर १०० कोकरांऐवजी ७५ कोकरं. त्यांचं वजन तेवढ्या प्रमाणात जास्त भरलं तरच बरोबरी. बागायती भागात, बांधून चारा देणाऱ्याला हे जमू शकतं. माळावर फिरणाऱ्याला चांगल्या सालात जमेल, दुष्काळात आधी मोठी मेंढी वाळते.

परदेशी जातींचा अनुभवही हेच सांगतो. लोकरीसाठी मेरिनो आणि रॅम्बुलेट, मांसासाठी डॉर्सेट आणि सफोक, असे संकर आपल्या देशात सरकारी प्रकल्पांमधून करून पाहिले गेले. फार्मवर, खुराकावर वजनं दिसली. पण फिरत्या कळपात त्या जाती रुजल्या नाहीत. ज्या मेंढीला उन्हात रोज कित्येक किलोमीटर चालायचं आहे, तिच्यासाठी त्या जाती घडवलेल्याच नव्हत्या.

सुंदरबनातला ठेंगणा एडका

मग दुसरा रस्ता असा, की मेंढीचं अंग तेवढंच ठेवायचं आणि कोकरं वाढवायची. इथे एक आडवळणाची गोष्ट सांगावी लागते.

पश्चिम बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी आहे. वजन जेमतेम १२-१४ किलो. दलदलीत चरते. आणि जुळी, तिळी देणं तिच्यात नेहमीचं. १७९०च्या दशकात कलकत्त्याहून जहाजाने काही बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढे न्यू साउथ वेल्समधल्या बुरूला नावाच्या फार्मवर मेरिनो मेंढ्यांचा एक कळप भरपूर जुळी-तिळी देण्यासाठी प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तर हा गुण एकाच जनुकामुळे येत होता. त्याला फेक-बी किंवा बुरूला जनुक म्हणतात. २००१ साली तीन संशोधन गटांनी स्वतंत्रपणे जनुकातला नेमका बदल शोधून काढला. आणि तोच बदल गारोळ मेंढीत सापडला. म्हणजे ऑस्ट्रेलियात गाजलेला गुण मुळात आपल्याकडचाच होता.

हे महत्त्वाचं का? जुळी होण्याचा गुण एरवी आईकडून लेकीकडे फार थोडा उतरतो. शास्त्रीय भाषेत त्याची आनुवंशिकता १० टक्क्यांच्या आसपास. नुसती निवड करत बसलो तर पिढ्या जातात. पण गुण एकाच जनुकात असेल तर तो दुसऱ्या जातीत नेता येतो, आणि नको असलेलं बाकीचं रक्त मागे टाकता येतं.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात हेच काम हाती घेतलं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातले संशोधक त्यात सहभागी होते. गारोळ एडका आणि दख्खनी मेंढी यांच्या पहिल्या पिढीत गारोळचं रक्त निम्मं, त्यामुळे अंग लहान. मेंढपाळ अशी लहान कोकरं घेणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून त्या संकराला पुन्हा दख्खनी दिलं. गारोळचं रक्त २५ टक्क्यांवर आलं. पुन्हा दिलं, साडेबारा टक्क्यांवर. दर पिढीत रक्त तपासून ज्यांच्यात जनुक आहे तेवढेच पुढे ठेवायचे. अंग दख्खनीचं, जनुक गारोळचं. त्यातून तयार झालेला वाण 'नारी सुवर्णा' या नावाने ओळखला जातो.

या जनुकाची एक प्रत असलेल्या दख्खनी मेंढीला सरासरी दीडच्या आसपास कोकरं होतात. म्हणजे दर दोन वेतांत साधारण एक वेत जुळ्यांचं. माळरानावरच्या मेंढीला एवढं पुष्कळ आहे. किंबहुना याहून जास्त नकोच, आणि त्याचं कारण पुढे येतं.

दुधाचा हिशेब

कोकराचं वजन एक किलोने वाढायला साधारण पाच-सहा लिटर दूध लागतं. दिवसाला १०० ग्रॅम वाढ हवी तर अर्धा लिटरच्या वर दूध रोज पोटात जायला हवं. दोन कोकरं असतील तर एक लिटरच्या वर. कोरड्या गवतावर चरणाऱ्या मेंढीला हे कुठून आणायचं?

आता कागदावर हिशेब करू. हे आकडे समजण्यापुरते आहेत. २० मेंढ्यांना एकेक कोकरू झालं, दहातलं एक दगावलं, १८ हाती आली. दुसरीकडे जनुकवाल्या २० मेंढ्यांना ३० कोकरं झाली. पाचातलं एक दगावलं तर २४ हाती आली, सहाचा फायदा. पण पाचातली दोन दगावली, तर हातात राहिली १८. म्हणजे कष्ट वाढले, मेंढ्या वाळल्या, मेलेली कोकरं पुरली, आणि फायदा शून्य. सगळा खेळ जगवण्याचा आहे. जन्मलेली कोकरं मोजणं सोपं, पण विकली जातात ती जगलेली कोकरं.

म्हणून जुळ्यांचा एडका आणायचा असेल तर तीन गोष्टींची तयारी आधी हवी. एक, गाभणकाळाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक. पोटातल्या कोकराची साधारण दोन-तृतीयांश वाढ याच दिवसांत होते, आणि जुळी गाभण असलेली उपाशी मेंढी नेमकी तेव्हा बसते. दोन, व्यायल्यावर पहिल्या काही तासांत दोन्ही कोकरांना चीक मिळतो आहे ना, हे बघणारं माणूस. वाड्यावर हे काम बहुतेक घरातल्या बायका करतात, त्यामुळे हा निर्णय त्यांना विचारल्याशिवाय घेऊच नये. तीन, दुबळ्या कोकराला पाजायला वाड्यावर एखाद-दोन दुभत्या शेळ्या.

राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तिथेही गारोळ वापरला, पण थोड्या वेगळ्या वाटेने. स्थानिक मालपुरा जातीत गारोळचं जनुक आणलं, आणि मग त्यात गुजरातेतल्या पाटणवाडीचं रक्त घातलं. पाटणवाडी दुधाला आणि वाढीला चांगली. तीन जातींच्या या वाणाला 'अविशान' म्हणतात. मालपुराने काटकपणा दिला, गारोळने जुळी दिली आणि ती जुळी पोसायला दूध पाटणवाडीने दिलं. फलटणच्या पैदाशीतही पश्चिम आशियातल्या अवासी या दुधाळ जातीचा वापर झाला, त्यामागे विचार हाच. जुळी आणणाऱ्या जातीच्या मागोमाग दूध आणणारी जात लागते.

दुसऱ्या पिढीत चूक होते ती इथे

समजा तुम्ही जनुकाच्या दोन प्रती असलेला एडका आणला. तुमच्या मेंढ्यांत ते जनुक नाही. त्याच्या सगळ्या लेकींना एकेक प्रत मिळणार. तपासणीची गरज नाही. छान.

आता या लेकी वयात आल्या. त्यांना पुन्हा दोन प्रतींचाच एडका दिला, तर निम्म्या नातींत दोन-दोन प्रती येतील. दोन प्रती झाल्या की तिळ्यांचं प्रमाण वाढतं, आणि माळावर तिळी म्हणजे बहुतेक वेळा नुकसान. म्हणून एक प्रत असलेल्या लेकींना साधा, बिनजनुकाचा चांगला एडका द्यावा. त्यांच्या निम्म्या लेकींत एक प्रत राहील, निम्म्या साध्या होतील. कळपात थोड्या जुळ्यांच्या, थोड्या एकाच कोकराच्या मेंढ्या असं मिश्रण राहील. फिरत्या कळपाला ते उलट सोयीचंच, कारण चांगल्या साली जुळी हाती लागतात आणि वाईट साली एकाच कोकराच्या मेंढ्या तग धरतात.

आणि बापाला स्वतःच्या लेकी कधीही देऊ नका. दोन हंगाम झाले की एडका बदला किंवा दुसऱ्या वाड्याशी अदलाबदल करा.

थोडक्यात, निवड कशी करायची

आधी रान बघा, मग एडका. फिरता वाडा असेल तर लेकींचं अंग दख्खनीच्या आसपासच ठेवा. मोठ्या जातीचं रक्त घ्यायचंच असेल तर ते विकायच्या कोकरांसाठी घ्या. त्यासाठी कळपातल्या ज्या मेंढ्यांच्या लेकी ठेवायच्या नाहीत, तेवढ्याच त्या एडक्याखाली सोडा. चाऱ्याची आणि माणसाची सोय असेल तर जुळ्यांच्या जनुकाचा एडका आणा, पण एकदम सगळ्या कळपावर नको. पहिल्या वर्षी पाव कळपावर वापरा, लेकी वितात कशा ते बघा.

जात ठरली तरी त्या जातीतला नेमका एडका निवडावा लागतो. त्याच्या आईची कास बघायला मागा. दोन्ही सड चालू आहेत का, कास लोंबत नाही ना. एडक्याचे दोन्ही अंड सारखे आणि घट्ट आहेत का, दात जबड्याला नीट जुळतात का, खूर सरळ आहेत का. विकणारा आई दाखवायला तयार नसेल तर दुसरा एडका बघा.

निवडक प्रश्नोत्तरं

*प्रश्न: सर, आमच्याकडे म्हणतात की जुळ्यातला एडका सोडला की मेंढ्यांना जुळी होतात. खरं का?*

नाही दादा. किती कोकरं होणार हे मेंढीच्या अंडाशयातून किती बीजं सुटतात त्यावर ठरतं. एडका कुठलाही असो, त्या मेंढीला त्याच्यामुळे जुळी होत नाहीत. त्याचा गुण दिसणार तो त्याच्या लेकींत. म्हणून पहिल्या हंगामात जुळी झाली नाहीत म्हणून एडका विकून टाकू नका, आणि झाली म्हणून त्याला श्रेयही देऊ नका.

*प्रश्न: मग चांगल्या चाऱ्याने जुळी वाढतात असं म्हणतात, ते?*

ते खरं आहे. एडका सोडायच्या आधी दोन-तीन आठवडे मेंढ्यांना चांगला चारा किंवा थोडा खुराक मिळाला, तर अंगावर आलेल्या मेंढ्यांत बीजं सुटण्याचं प्रमाण वाढतं. पण दख्खनीत मुळातच जुळी कमी, त्यामुळे फरक थोडा पडतो. जनुक असलेल्या मेंढीत मात्र गुण चाऱ्याची वाट बघत नाही. दुष्काळातही जुळी येऊ शकतात, आणि तीच त्यातली जोखीम.

*प्रश्न: सध्या डॉर्परची फार चर्चा आहे. तो दख्खनीवर चालेल का?*

डॉर्पर ही दक्षिण आफ्रिकेतली जात. डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या डोक्याची पर्शियन मेंढी यांच्या संकरातून तिथल्या कोरड्या भागासाठी घडवलेली, मांसाला उत्तम. विकायच्या कोकरांसाठी, बांधून चारा देत असाल तर विचार करायला हरकत नाही. पण लेकी ठेवायच्या असतील तर तेच तीन प्रश्न विचारा. लेक किती खाणार? किती चालणार? दुष्काळी सालात गाभण राहणार का? याची उत्तरं आपल्या माळावर, आपल्या हाताखाली वाढलेल्या लेकींकडून मिळेपर्यंत सगळा कळप त्याच्यावर लावू नका.

*प्रश्न: आमच्या घरात मेंढ्या सासूबाई आणि मी बघतो. जुळी वाढली तर आमचंच काम वाढणार. त्याचं काय?*

ताई, एडका विकत घेणारा माणूस हा हिशेब बहुतेक वेळा मांडतच नाही. रात्री उठून दुसरं कोकरू पाजणं, चालत्या वाड्यात त्याला घोड्यावर लादणं, हे काम तुमच्या वाट्याला येतं. म्हणून मघाशी सांगितलं तसं पाव कळपापासून सुरुवात करा. एका हंगामात जेवढी जुळी तुम्ही दोघी नीट जगवू शकता, तेवढ्याच जुळ्यांच्या मेंढ्या कळपात ठेवा. तो आकडा तुमच्याइतका नेमका कुणीच सांगू शकणार नाही.